सत्ताविसावा स्लॅब

वहिनींचं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात. मीही हसलो होतो. रिकाम्या घरांच्या मोऱ्यांमध्ये मगभर पाणी ओतायचं, हे त्यांचं काम. रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सात, रविवार सोडून.

हसण्यासारखं त्यात काही नाही. मोरीच्या जाळीखाली एक वाकडा पाइप असतो. त्यात वाटीभर पाणी कायम साठून असतं आणि ते गटाराचा वास वर येऊ देत नाही. घरात माणूस राहत असेल तर हे पाणी आपोआप भरलेलं राहतं. माणूस नसेल तर आठ-दहा दिवसांत सुकतं, आणि मग इटालियन संगमरवराच्या दिवाणखान्यात अशी घाण सुटते की विचारू नका. आमच्या टॉवरात, म्हणजे मी जिथली लिफ्ट सांभाळतो तिथे, एकशे चौसष्ट घरं. त्यात अकरा कुटुंबं राहतात. बाकीची एकशे त्रेपन्न विकत घेऊन ठेवलेली नाहीतर विकायची राहिलेली. नळ गळून फरशी खराब होऊ नये म्हणून त्यांचं पाणी मुख्य तोटीलाच बंद केलेलं. म्हणून वहिनी तळमजल्यावर दोन बादल्या भरायच्या, सर्व्हिस लिफ्टने वर न्यायच्या आणि एकेका घरात शिरून मोऱ्या, बेसिनं, संडास, सगळ्यांना पाणी पाजायच्या. 'पाजायच्या' हा त्यांचाच शब्द. दाराच्या मागे एक कार्ड टांगलेलं असे, त्यावर तारीख टाकायची आणि लिहायचं, 'रिकामं. पाणी घातलं.'

आणि वहिनींच्या स्वतःच्या घरी पाणी यायचं दिवसातून एक तास. टॉवरच्या कुंपणाच्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, त्यातली शेवटची त्यांची. ज्या घरात कोणी राहत नाही तिथल्या गटाराला ही बाई बादल्यांनी पाणी घालणार आणि स्वतः पहाटे हंड्यांच्या रांगेत उभी राहणार. मला याचा संताप यायचा. त्यांना नाही यायचा. "भाऊ, तुम्ही लिफ्टचं बघा, मी मोरीचं बघते," म्हणायच्या.

दिवस कलला की दुसरं काम. सेल्स ऑफिसच्या साहेबांनी एक तक्ता करून दिला होता. कुठल्या वारी कुठल्या घरात दिवे लावायचे, किती वाजता घालवायचे. टॉवर अंधारात उभा दिसला तर गिऱ्हाईक बिचकतं ना! म्हणून सव्वासहाला वहिनी बादल्या ठेवून परत वर जायच्या आणि कोणी नसलेल्या घरांमधून दिवे लावत खाली यायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय भरलेली इमारत आहे!

लांबून रोज बघणारा माणूस एकच होता. त्यांचा नवरा, आमचा मिस्त्री.

मिस्त्री सेंटरिंगच्या कामावर होता, म्हणजे स्लॅब टाकण्याआधी खाली फळ्या आणि टेकू लावतात ते काम. टॉवर उभा राहत होता तेव्हा मी लिफ्टच्या पोकळीत रूळ बसवत असायचो आणि हा वरून ओरडायचा, "काय रे लिफ्टवाल्या, मी चढलो बघ चालत, तुझी गाडी कधी येणार?" तोंडाचा भारी फटकळ. पण हात असा साफ, की त्याने लावलेली फळी काढली की खालच्या काँक्रीटवर हात फिरवावासा वाटायचा. सत्ताविसाव्या स्लॅबला, कोपऱ्यातल्या खोलीत, टेकू सरकला आणि तो पाठीवर आपटला. पडला दहा-अकरा फूटच. कमरेखालचं सगळं गेलं. कंत्राटदाराने एक प्लॅस्टिकची खुर्ची पाठवली आणि पुढे वहिनींना हे पाण्याचं काम मिळालं. झाली भरपाई. त्या खुर्चीचा एक पाय वर्षभरात मोडला, तो वहिनींच्या दिराने तारेने आवळून बांधला.

मिस्त्रीची खाट खिडकीशी होती. खिडकीतून टॉवर. दुसरं काही दिसायला जागाच नव्हती. संध्याकाळी दिवे लागायला लागले की त्याला कळायचं, बायको आता कुठवर आली. शेवटचा दिवा लागला की तो शेजारणीला हाक मारून चहाचं आधण ठेवायला सांगायचा. वहिनी दारात यायला आणि चहा उकळायला एकच गाठ पडायची. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, आणि थोडा हेवाही. माझ्या घरी मी कितीला येतो हे कोणाला ठाऊक नसतं.

त्याची एकच इच्छा होती. सत्ताविसाव्या स्लॅबवरची ती कोपऱ्यातली खोली एकदा बघायची. "माझं शेवटचं काम आहे ते," तो म्हणायचा. "मी बघितली तेव्हा तिथे नुसत्या सळया होत्या. आता काच लागली, फरशी लागली. खिडकीशी बसून आपली खोली कशी दिसते ते एकदा बघू दे. मग मेलो तरी चालेल."

"मेलो-बिलो काय!" वहिनी खेकसायच्या.

गेल्या वर्षी त्याने एक नवंच काढलं. म्हणाला, "तिथे आता माणूस राहायला आलाय."

"कुठे?"

"सत्ताविसाव्यावर. कोपऱ्यात. खुर्चीवर बसलेला असतो, काचेला लागून. माझ्याकडेच बघत असतो."

वहिनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम सत्ताविसाव्या मजल्यावर गेल्या. कोपऱ्यातलं घर उघडून बघितलं. खुर्ची नाही, माणूस नाही, कार्डावर त्यांचंच अक्षर. घरी येऊन सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "आज तर त्याने हात केला." दीर म्हणाला, वहिनी, दादाच्या डोक्यावर परिणाम झाला. वहिनी रात्री जेवल्या नाहीत. सकाळी माझ्याकडे आल्या. डोळे सुजलेले.

"भाऊ, यांना एकदा वर न्यायचं. तुमच्या हातात आहे."

माझ्या हातात होतंच. सर्व्हिस लिफ्टची किल्ली माझ्याकडे, मागचं दार माझ्याकडे. रविवारी दुपारी सेल्स ऑफिस एक तास जेवायला बंद. वहिनींनी शनिवारी सत्ताविसाव्या मजल्याच्या किल्ल्या कपाटात परत ठेवल्याच नाहीत. मी आणि दिराने मिस्त्रीला त्याच खुर्चीत बसवून आणलं. वजन म्हणावं तर काहीच राहिलं नव्हतं. एका हाताने उचलला असता. अंगात इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, केसांना तेल. "लग्नाला निघालाय जसा," मी म्हटलं. तो म्हणाला, "लग्नात तरी कुठे एवढा सजलो होतो? विचार हिला."

मी बटण दाबलं. सत्तावीस.

दार उघडलं, घर उघडलं, आम्ही त्याला कोपऱ्यातल्या खोलीत काचेशी नेलं. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, मीही. तो खिडकीबाहेर बघेना. मान मागे टाकून छताकडे बघत राहिला. बराच वेळ.

"ही ती खोली नाही," तो म्हणाला.

"अहो, असं काय करता? हीच. सत्ताविसावा."

"अगं, मी याच्यावर पडलो. या छताच्या वरच्या अंगाला. हा सव्विसावा आहे."

मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारून घेतला. टॉवरात तेरावा मजला नाही. गिऱ्हाइकांना तेरा आकडा नको असतो, म्हणून बाराच्या वर थेट चौदा. आम्ही कामाची माणसं स्लॅब मोजतो, विकणारे नावं मोजतात. सत्ताविसावा स्लॅब म्हणजे बटणावर अठ्ठावीस. आणि हे बटण बसवलं कोणी? मी! याच हातांनी. लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये अजूनही सत्ताविसाव्या थांब्यासमोर अठ्ठावीस लिहिलेलं आहे. मिस्त्री आपला खालून स्लॅब मोजत होता, वहिनी कार्डावरचा आकडा बघत होत्या आणि मी गाढव दोघांनाही ओळखत असून दाबलं सत्तावीस.

म्हणजे वहिनींनी 'माणूस' शोधला तो चुकीच्या मजल्यावर. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या आलं असावं, कारण त्याही मान वर करून छताकडे बघायला लागल्या.

अठ्ठाविसाव्याच्या किल्ल्या ऑफिसच्या कपाटात, कपाट कुलपात, आणि साहेब यायला दहा मिनिटं. मिस्त्रीचा चेहरा मला बघवेना. पण तोच मला समजावायला लागला. "जाऊ दे रे. पुढच्या रविवारी. मी कुठे पळून चाललोय?"

"पुढच्या रविवारी नक्की," मी म्हटलं. "शब्द देतो."

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. लिफ्टच्या नोंदी बघितल्या होत्या त्यांनी. "काल दुपारी सर्व्हिस लिफ्ट सत्तावीसला कशाला गेली?" मी म्हटलं, टेस्टिंग. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्याने माझी टरकली. खरं सांगतो, उगाच शूरपणाचा आव आणत नाही. घरी तीन तोंडं आहेत आणि या वयात नवी नोकरी कोण देतो?

पुढच्या रविवारी वहिनी मागच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, त्यांना तयार करून बसवलंय. मी म्हटलं, "वहिनी, लिफ्टचे दोर बदलायला काढलेत. आज बंद आहे." त्या बरं म्हणून गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही दोरच. तिसऱ्या रविवारी म्हटलं, मोटर तापते. चौथ्या रविवारी त्यांनी माझ्या मागे बघितलं. लिफ्टचा आकडा चढत होता, कोणाचं तरी सामान वर चाललं होतं.

"भाऊ, लिफ्ट तर चालू आहे."

"टेस्टिंग," मी म्हटलं, खाली बघून.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्या म्हणाल्या, "बरं. मी त्यांना सांगते, लिफ्टवाले भाऊ घेऊन जाणार आहेत, धीर धरा. तो माणूस अजून उठला नाही म्हणतात. वाट बघतोय म्हणतात." आणि गेल्या. भिंतीपलीकडे मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून अकरापासून खुर्चीत बसलेला होता. चारही रविवार. हे मला दिराने नंतर सांगितलं.

गुरुवारी तो गेला. आठवडाभर छातीत कफ होता. संध्याकाळी त्याने हट्टाने स्वतःला खुर्चीत बसवून घेतलं, खिडकीकडे तोंड करून. वहिनी तेव्हा अठ्ठाविसाव्यावर, त्या कोपऱ्यातल्या खोलीत दिवा लावून उभ्या होत्या. कुठली खोली ते कळल्यापासून त्या रोज तिथून त्याला हात करायच्या आणि तो खालून टॉवेल हलवायचा. त्या दिवशी टॉवेल हलला नाही. त्या पायऱ्यांनी धावत खाली आल्या, लिफ्टची वाट न बघता, सत्तावीस मजले.

मी मातीला गेलो. लांब उभा राहिलो.

त्यानंतर बरोबर नवव्या दिवशी साहेबांची तक्रार आली. सर्व्हिस लिफ्ट रोज सव्वासहाला आपोआप खाली येते, दार उघडून थांबते आणि मग रिकामीच वर जाते. राहणाऱ्यांपैकी एक बाई घाबरल्या होत्या. मी गेलो, दाराचा सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी तेच. बटणाची पट्टी बदलली. तेच. कंट्रोलरचं कार्ड नवं टाकलं, ते आमच्या कंपनीत सहजासहजी कोणी देत नाही. सव्वासहाला लिफ्ट खाली आली, दार उघडलं, मिटलं, वर गेली. अठ्ठावीसला थांबली.

मी नोंदी काढल्या. लिफ्ट प्रत्येक फेरीला आत किती भार आहे ते लिहून ठेवते. जास्त झाला की ओरडायचं असतं ना तिला, म्हणून. रिकाम्या फेरीला शून्य यायला हवं. रोजच्या सव्वासहाच्या फेरीसमोर लिहिलं होतं, अडतीस किलो. एक दिवस नाही, अकराच्या अकरा दिवस. वर जाताना अडतीस. खाली येताना शून्य.

मी भाराचा काटा तपासला. माझं वजन एकाहत्तर, त्याने एकाहत्तर दाखवलं. काटा ठीक होता. ज्या हातांनी मी मिस्त्रीला उचलला होता त्यांना हा भार ओळखीचा होता.

वहिनी कामावर परत आल्या होत्या. मी त्यांना गाठलं. म्हटलं, "अठ्ठाविसाव्यावर सगळं ठीक आहे ना?"

"तिथलं पाणी सुकत नाही," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, बाजारातला भाव सांगावा तसं. "बाकी सगळ्या घरांना पाजते. तिथे गरज लागत नाही. चला, दाखवते."

कोपऱ्यातलं घर त्यांनी उघडलं. मोरीच्या जाळीशी फरशी ओली होती. घराचं पाणी मुख्य तोटीला बंद, तोटीला माझ्यासमोर सील. वहिनींनी मला खोलीत नेलं. घराचा मालक परदेशात, घर घेतल्यापासून एकदाही आलेला नाही. फरशीवर बारीक धुळीचा थर होता. काचेशी, त्या धुळीत, गोल गोल ठसे होते. तीन अगदी नीट. चौथा वाकडातिकडा, भोवती तारेच्या वेढ्यांच्या रेघा.

"वहिनी, ती खुर्ची..."

"घरी आहे. माळ्यावर टाकलीय."

मी काचेतून खाली बघितलं. पत्र्यांची रांग, शेवटची खोली, वर ठेवलेली निळी बादलीसुद्धा दिसत होती. किती जवळ! अंतर म्हणावं तर काहीच नाही. एका तासाचं काम होतं. दोर, मोटर, टेस्टिंग! माझ्या तोंडातून हुंदका फुटला आणि मी त्या संगमरवरावर फतकल मारून बसलो.

वहिनींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "ते तुमच्यावर रागावलेले नव्हते हो. मी रागावले होते. अजून आहे." दाराशी जाऊन त्यांनी मागचं कार्ड हातात घेतलं, मला दाखवलं. शेवटच्या ओळीत 'रिकामं' लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं, 'राहतात.'

"साहेबांनी बघितलं तर?"

"बघू देत. येऊन विचारू देत, कोण राहतं म्हणून."

दार लावून घेताना त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्यांना सांगून ठेवलं होतं, लिफ्टवाले भाऊ घेऊन जातील. ते रोज खाली येऊन थांबतात. एकटे जातात बिचारे."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना कळवलं की बिघाड सापडत नाही, रोज संध्याकाळी मी स्वतः लिफ्टपाशी थांबेन. त्यांना बरंच वाटलं.

सव्वासहाला लिफ्ट खाली आली. दार उघडलं. मी आत शिरलो आणि दार हाताने धरून ठेवलं. पट्टीवर भाराचा आकडा एकाहत्तर होता. खुर्ची आत घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबलो. उंबरठ्याच्या फटीत खुर्चीचा पाय अडकतो, जरा तिरकी करून घ्यावी लागते. समोर मोकळा बोळ होता, वहिनींच्या दोन बादल्या आणि बाकी कोणी नाही. लिफ्ट किंचित दबली. माणूस चढला की दबते तेवढीच. पट्टीवर एकशे नऊ आले.

"मिस्त्री," मी म्हटलं, "उशीर झाला."

आणि बटण दाबलं. अठ्ठावीस. यावेळी चुकलो नाही. वर जाईपर्यंत मी दाराकडेच तोंड करून उभा होतो, मागे वळायची छाती झाली नाही. मागून तेलाचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास येत होता. दार उघडलं. मी ते धरून बाजूला उभा राहिलो. कोपऱ्यातल्या घराचं दार वहिनींनी आधीच उघडून ठेवलं होतं आणि आत दिवा लावला होता.

थोड्या वेळाने पट्टीवर एकाहत्तर आले. मी दार सोडलं आणि एकटाच खाली आलो.

आता रोज जातो. रविवारी दुपारनंतर मला सुट्टी असते, तरीही जातो.